मशीनची विचारपूस

म्हात्रेदादा सर्व्हर रूममध्ये शिरण्याआधी दारावर टकटक करायचे. आत चिटपाखरू नसायचं. एक एसी आणि लोखंडी कपाटांत घरघरणारी मशिनं, बस. तरी दादा टकटक करणार, चपला बाहेर काढणार आणि मगच आत जाणार. कुणी हसलं की म्हणायचे, "कामात हाय ती. दचकवायचं न्हाय."

भाईंदर पूर्वेला एका गाळ्यात आमचं ऑफिस होतं. आता तिथे फरसाणाचं गोडाऊन झालंय. कॉलेजांचे प्रवेश अर्ज आमच्या मशिनांवर भरले जायचे. दादा खारी गावचे, वीस वर्षं ती मशिनं सांभाळणारे. मी त्यांच्या निम्म्या वयाची, पण नव्या कोर्सची सर्टिफिकिटं घेऊन आलेली, त्यामुळे अर्थातच मला जास्त कळायचं.

मशीनवर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर दादांचा भारी राग. मशीन किती तापलं, किती दमलं, हे ते सॉफ्टवेअर दर सेकंदाला मशीनलाच विचारत राहतं. आमच्या साहेबांची हौस दांडगी. त्यांनी अशी तीन-तीन बसवून घेतली होती आणि केबिनच्या भिंतीवर दिवसभर हिरवे-लाल आलेख नाचायचे. दादा म्हणायचे, "पेशंट एक, डॉक्टर तीन. सगल्यांनी हात धरलाय, मग त्यानं जेवायचं कसं?" आम्ही खो खो हसायचो.

मग प्रवेशाचा शेवटचा दिवस आला. दुपारपासून मुलांचे रडवेले फोन, फॉर्म जात नाहीये म्हणून. मशीन रांगायला लागलं होतं. का रांगतंय ते कळावं म्हणून आम्ही हुशार मंडळींनी काय करावं? तिन्ही सॉफ्टवेअरना आणखी बारीक नोंदी करायला लावलं. झालं! एकेक अर्ज आणि त्याच्यामागे नोंदींची वरात. मशीनने पार मान टाकली.

त्या दिवशी दादा टकटक न करताच आत घुसले. दोन सॉफ्टवेअर बंद केली आणि तिसऱ्याला पाच मिनिटांतून एकदाच विचारायला लावलं. थोड्या वेळात अर्ज भराभर जायला लागले. साहेब मात्र भडकले. मशीन बंद पडलं असतं तर कळलं कसं असतं, म्हणाले. लेखी खुलासा द्या, पटला नाही तर सर्व्हर रूमची किल्ली परत करा.

खुलासा इंग्रजीत हवा होता, म्हणून दादा माझ्या टेबलापाशी आले. तोंड एवढंसं झालेलं. मी विचारलं, दादा, हे शिकलात कुठे? मला वाटलं, एखादं जुनं मॅन्युअल सांगतील.

"घरी," ते म्हणाले.

त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या दुखण्याने गेली, एवढं आम्हाला माहीत होतं. ती आजारी असताना दादा ऑफिसातून तासातासाला फोन करायचे, कशी हायस म्हणून. एकदा ते रजेवर घरी असताना तिच्या बहिणीचा फोन आला. ती धडपडत उठून बसली, श्वास गोळा केला, आवाज नीट केला आणि म्हणाली, बरी हाय. मग कितीतरी वेळ तिला बोलवेना.

"माझा फोन आला की पन असंच करत असंल ना, बाय? सगली ताकद 'बरी हाय' बोलन्यातच जायाची."

तेव्हापासून त्यांनी दिवसातून एकदाच फोन करायचा ठरवला, दुपारी एक वाजता.

हे साहेबांना कसं लिहिणार? भार जास्त असताना देखरेख कमी ठेवावी, एवढंच मी लिहिलं. पुढे साहेबांना ते पटलं आणि रिटायर होईपर्यंत किल्ली दादांकडेच राहिली. पण तेव्हा मी कागद पुढे केला, तर दादा पेन हातात घेऊन नुसते बसले. सही करेनात.

"गेली त्या दिवशी पन एकला बरी हाय बोलली," ते म्हणाले. "चारला गेली. मधी अजून एक फोन करायला पायजे होता का, बाय?"

"नाही हो दादा," मी लगेच म्हणाले. मला काय ठाऊक होतं? पण मी ते पुन्हा एकदा म्हणाले, आणि मग त्यांनी सही केली.