ताशी पंचवीस

जयदेवच्या वागणुकीविषयी त्याच्या आईची, गोदूबाईची, तक्रार जुनी आणि सकारण होती. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, कारखान्यात मेंटेनन्सला, पण घरातली एकही वस्तू आहे तशी राहू देईना. मिक्सरला त्याने कसलीशी दांडगी मोटर बसवली, तेव्हापासून चटणी वाटायची तर सुनेला झाकणावर बसावं लागे. आता त्याने लेकीची सायकल उघडली होती.

बदलापुरात मांजर्लीच्या घराच्या पडवीत तीन महिने हे बांधकाम चाललं. उल्हासनगरातून पाच हजार वॅटची मोटर आली. अंबरनाथच्या वेल्डरकडून सांगाडा जाड होऊन आला. बॅटरी जयदेवने एकेक सेल जोडून स्वतः बांधली आणि गोदूबाईच्या पापडाच्या डब्यात बसवली, कारण माप बरोबर होतं. "पापड काय डोक्यावर ठेवू?" असं ती विचारेपर्यंत डब्याच्या झाकणाला स्क्रू बसले होते. तयार झालेली वस्तू दिसायला सायकल आणि वजनाला म्हैस होती. पायडल होते. ते कायद्यासाठी होते.

कायदा असा की अडीचशे वॅटच्या आत आणि ताशी पंचवीसच्या आत जी धावते, ती गाडीच नव्हे. तिला नंबर नको, लायसन नको. म्हणून जयदेव उल्हासनगरच्या कॅम्पातून तसं लिहिलेला चंदेरी स्टिकर घेऊन आला. दुकानदार सुटा द्यायला तयार नव्हता. "साईं, दर्जन में आता है. ले जाओ, सबको लगता है."

गोदूबाईने दुसरीतच शाळा सोडली होती, पण आकडे तिला कळत. नारळ फोडून, हळदकुंकू वाहून तिने स्टिकर स्वतःच्या हाताने चिकटवला आणि त्या क्षणापासून गाडी पंचवीसची झाली. गोदूबाई एकदा बोलली की बोलली. तिच्या शब्दावर गावकीतले दोन तंटे मिटले होते. शब्द फिरवलेला कुणी पाहिला नव्हता.

शेजारच्या द्रौपदीने विचारलंच, "काकी, पंचवीसची हाय, तर माझी कोंबडी त्याला दिसली कशी नाय?"

"कोंबडीच ऐंशीनं आली असंल," गोदूबाई म्हणाली.

चारचौघांत ती जयदेवला वेगावरून शिव्या घाले. मागच्या सीटवर बसली, पदर खोचला आणि मोकळा रस्ता लागला, की मात्र त्याच्या पाठीत बोट खुपसून म्हणे, "पीळ की अजून. हात मोडलाय का?"

त्या दिवशी पिळणं भागच होतं. नवऱ्यामागे तिला पेन्शन मिळे. त्यासाठी दरवर्षी आपण जिवंत आहोत असा दाखला द्यावा लागे. मशीनवर तो होईना, कारण शेतात आणि मिठागरात राबून अंगठ्यावरच्या रेषा झिजल्या होत्या. तेव्हा अंबरनाथ पूर्वेच्या कचेरीत जातीने हजर होणं आलं. आज शेवटचा दिवस, आणि खिडकी अकराला बंद.

दहा सेहेचाळीसला, बदलापूर सुटता सुटता, वाहतुकीच्या साहेबाने शिट्टी मारली. त्याच्या हातातलं यंत्र ब्याऐंशी दाखवत होतं.

"नंबर प्लेट?"

"सायकलला कसली प्लेट?" गोदूबाई म्हणाली. "स्टिकर वाच. शिकलेला दिसतोस."

साहेबाने वाचलं, यंत्र पाहिलं, पुन्हा वाचलं. यंत्राची वार्षिक तपासणी राहिलेली होती. स्टिकरवर मात्र शिक्का होता. "आजी, शपथेवर सांगता, पंचवीसच?"

"माझ्या पोराशपथ. पंचवीसच." पोराने खाली रस्त्याकडे पाहिलं.

साहेबाने पावती फाडली. शपथ घेतली म्हणून मागे बसलेल्या बाईचं नाव, जागा, वेळ आणि निष्कर्ष: तपासणीत वाहन ताशी पंचवीसच्या वेगाने जात असल्याचे आढळले. गोदूबाईने ती जयदेवकडून वाचून घेतली आणि तिचं ऊर भरून आलं. आपल्या घरच्या खरेपणाबद्दल सरकारने लेखी काही दिल्याची ही पहिलीच वेळ होती.

दहा बावन्नला ती खिडकीशी होती. आधार कार्ड, पासबुक, फोटो, आणि सगळ्यांत वर, न मागता, तिने ती पावती ठेवली.

खिडकीतल्या शीला मॅडमनी पावती वाचली. मग घड्याळ पाहिलं. मग हिशोब केला.

"बदलापुराहून इथवर आठ किलोमीटर. ताशी पंचवीसनं एकोणीस मिनिटं लागतात. म्हणजे गोदूबाई अकरा वाजून पाच मिनिटांनी येणार."

"मी आलेय की!"

"तुम्ही कुणीतरी आलाय. गोदूबाई आत्ता चिखलोलीच्या आसपास असतील. अंगठा जुळत नाही आणि सरकारी पावती सांगतेय त्या रस्त्यात आहेत. दाखला मी कुणाला देऊ?"

"मंग थांबते अकरा-पाचपर्यंत."

"खिडकी अकराला बंद होते." शीला मॅडम अतिशय सभ्य होत्या. "एक मार्ग आहे. गाडी ऐंशीनं येते, मी साहेबांपुढं शपथेवर खोटं बोलले, असं लिहून द्या. मी लगेच तुम्हाला जिवंत करते. अर्ज पुढं परिवहनला जाईल. गाडी जमा होईल."

जयदेव पुढे सरकला. "आये, दे लिहून. गाडी काय, परत बांधीन. तुझी पेन्शन जाईल."

गोदूबाईने कोरा कागद घेतला. दहा सत्तावन्न. तिला सही येत होती, एवढीच काय ती शाळेची कमाई. तिने पेन टेकवलं आणि रांगेकडे पाहिलं. रांगेत द्रौपदीची जाऊ उभी होती, कान टवकारून.

"गोदूबाई खोटं बोलली, असं मी लिहून देऊ?" तिने पेन ठेवलं. "त्यापरीस मेलेली बरी."

अकरा वाजता शासनाने तिची ही इच्छा मान्य करून खिडकी बंद केली.

बाहेर गाडीभोवती अख्खी रांग गोळा झाली. गोदूबाईला वाटलं, सांत्वनाला आलेत. तेवढ्यात एका निवृत्त मास्तरांनी जयदेवला बाजूला घेऊन विचारलं, "तसला एखादा स्टिकर उरलाय का हो? नातवाच्या गाडीला." मग द्रौपदीच्या जाऊने मागितला. शेवटी मागच्या दाराने शीला मॅडम आल्या, "मिस्टरांसाठी हवा होता." जयदेवच्या खिशात डझनातले अकरा होते; त्यातले दहा गेले.

गोदूबाई पदर खोचून मागे बसली. आता काही ऐकावं लागणार हे ओळखून जयदेवने मान खाली घातली.

"गाडी चांगली बांधलीस रं, जयदेव. खोटं कच्चं बांधलंस, आणि मी शहाणीनं वर नारळ फोडला. आता सावकाश ने, पंचवीसनं. मी मेलेय, मना कसली घाई? आणि तो उरलेला एक स्टिकर जपून ठेव. आपली ही गत ऐकून जो कुणी पोट धरून हसंल ना, तो उद्या मागायला येईल."