काढून दाखवा!

आमच्या कॉम्प्युटरवरून कामाचं सॉफ्टवेअर चुकूनसुद्धा कोणाला काढता येणार नाही, असं मी छाती ठोकून सांगत असे. बंदोबस्तच माझा होता! बायकोचं भरतकामाचं मशीन त्या एका सॉफ्टवेअरवर चालतं. ते काढायला गेलं की लाल चौकट येते आणि अख्खं वाक्य टाइप करायला लावते : ‘हे काढल्यास मशीन बंद पडेल, हे मला पूर्णपणे समजले आहे.’ एवढं टाइप करेपर्यंत गाढवालाही अक्कल येईल.

पण माझे सासरे गाढव नाहीत. ते टायपिंग क्लासचे निवृत्त मास्तर आहेत!

शनिवारी दुपारी एक वाजता मशीन बंद पडलं. पोहण्याच्या क्लबचा माणूस पाचला चाळीस टोप्या न्यायला येणार होता आणि एकोणिसाव्या टोपीवर अर्धाच मासा भरून झालेला! बायकोची ही पहिली मोठी ऑर्डर.

“बाबा, तुम्ही काही काढलंत?” मी सासऱ्यांना विचारलं.

“जागा भरली म्हणत होता कॉम्प्युटर. मग एक अनोळखी नाव काढून टाकलं.”

“आणि लाल चौकटीतलं वाक्य?”

“टाइप केलं की! एकही चूक नाही.”

“वाचलं नाहीत?”

“जावईबापू, चाळीस वर्षं पोरांना हेच शिकवलं. टाइप करताना अर्थाकडे बघायचं नाही. वेग कमी होतो!”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दीड तास खपून सॉफ्टवेअर परत बसवलं, मशीन सुरू झालं, तरी डोकं थंड होईना. त्याच तिरीमिरीत मी वाक्याचा परिच्छेद केला. बारा ओळी! कंस, आकडे, अर्धविराम. एक अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून! आणि कोणी मलाच काढायला नको, म्हणून माझ्या खात्यालाही तोच लावला.

“आता काढून दाखवा!” चार वाजता मी सासऱ्यांवर गरजलो.

“अरे, नको! सात टोप्या राहिल्यात,” बायको म्हणाली.

“राहू देत! आज सोक्षमोक्ष लागलाच पाहिजे!”

सासऱ्यांनी चष्मा पुसला, पाठ ताठ केली. टकटकटक! अर्धविरामाला अडले नाहीत, कंसांना तर खूशच झाले. शेवटचा पूर्णविराम पडला आणि मशीन गप्प झालं.

“दोन मिनिटं दहा सेकंद,” ते म्हणाले. “उतारा फार छान निवडलात हो!”

सात मासे बायकोने हाताने भरले. मी सुईत दोरा ओवून द्यायला गेलो, तर सुईच हिसकावून घेतली. क्लबचा माणूस सव्वासहापर्यंत दारात ताटकळला आणि ‘पुढच्या ऑर्डरचं बघू’ म्हणून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर उघडला, तर त्यावर माझं नावच नाही!

“माझं खातं कुठे गेलं?” मी ओरडलो.

“काढलं.”

“कसं? बारा ओळींचा परिच्छेद आहे त्याला!”

“हो ना. बाबांनीच टाइप केला,” बायको शांतपणे म्हणाली. “या वेळी अर्थाकडे नीट बघून!”