पाच वॅट गेले कुठं?

येरमाळ्याच्या स्टँडवर माणिक सरांनी एकदा कंडक्टरला गाठलं. "शंभर आत घातले, पंच्याण्णवच बाहेर आले. पाच गायब हायत हो!"

कंडक्टर हबकला. "सर, पोलिसात कळवलं का?"

सर वॅटबद्दल बोलत होते.

आमचे हे शेजारी तंत्रनिकेतनात वीज शिकवून रिटायर झाले आणि घरातच संशोधनाला बसले. बायको वारल्यापासून ते एकटेच. सोलरची वीज बॅटरीत जाताना, तिथून गाडीच्या मोटारीत जाताना, मधल्या सर्किटात थोडी तापून वाया जाते. ती गळती थांबवायची, हाच ध्यास. स्वयंपाकघरात भांडी चार आणि सर्किटं चाळीस. एखादं गरम लागलं की आजारी लेकराला विचारावं तसं विचारतात, "का रं बाबा, का तापलास?"

सगळे प्रयोग स्वतःच्या इलेक्ट्रिक स्कूटरवर. एकदा चढावर तिच्यातून धूर निघाला. लोक माती घेऊन धावले, तर सर आडवे! "थांबा की! कुठनं निघतोय ते तरी बघू द्या!"

मी लई हसायचो.

मग मे महिन्यात भर दुपारी लाईट गेली. माझी आई ऑक्सिजनच्या मशीनवर होती. आमच्या इन्व्हर्टरनं तासाभरात मान टाकली. धाराशिवहून सिलिंडर निघाला होता, पण आईला धाप लागली. मी भिंतीवरून ओरडलो, "सर!"

सरांनी स्कूटर थेट ओसरीत घातली. सीट उचललं, बॅटरीला आपलं सर्किट जोडलं, वायर आत ओढली. मशीन घुरघुरलं. थोड्या वेळानं आईचा श्वास संथ झाला.

सिलिंडर आला तरी सर खाटेजवळून हलले नाहीत. एक डोळा मीटरवर, दुसरा आईवर. मधेच तिला सर्किट समजावत होते आणि आई, काही कळत नसताना, मान हलवत होती.

पाचला लाईट आली.

"दमलाव तुम्ही सर. जावा आता, पडा जरा," आई म्हणाली.

"व्हय, जातो की." सरांनी वायर गुंडाळली. सोडली. पुन्हा गुंडाळली. दारापर्यंत जाऊन वळले.

"वहिनी, उद्या बी लाईट जाईल, न्हाय का?"

आवाजात काळजी नव्हती, आशा होती.

आईनं नाकावरची नळी नीट केली. "लाईट असली तरी या," ती म्हणाली.