चरबी निर्मूलन उपसमिती

नेदरलँड्समधल्या डीमन गावच्या कालवाकाठ मराठी मंडळात वाढत्या वयाच्या मुलग्यांच्या चरबीचा विषय प्रथम अधिकृतपणे चर्चेला आला तो संक्रांतीच्या कार्यक्रमात, गुळपोळ्यांवर तुपाची दुसरी फेरी झाल्यानंतर. विषय मांडला हेमचंद्रने. तो एका बँकेच्या संगणक विभागात प्रकल्प व्यवस्थापक होता, आणि जे मोजता येत नाही ते अस्तित्वातच नसतं यावर त्याची गाढ श्रद्धा होती. स्वतःचं पोट मात्र त्याने कधी मोजलं नव्हतं. त्यावर तो लॅपटॉप टेकवत असे.

"आपली पोरं इथे चीज आणि दुधावर पोसली जातायत," तो म्हणाला. "फॅट पर्सेंटेज कुणी ट्रॅकच करत नाहीये. ओनरशिप कुणाची?"

ओनरशिप कुणाचीच नाही असं निष्पन्न झाल्यामुळे तिथल्या तिथे उपसमिती नेमण्यात आली आणि एक स्मार्ट वजनकाटा मागवण्यात आला. त्यावर अनवाणी उभं राहिलं की तो शरीरातल्या चरबीचा टक्का सांगे आणि थेट फोनवर पाठवी. दर रविवारी मुलग्यांनी काट्यावर उभं राहायचं आणि क्रमवारी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर व्हायची, असं ठरलं. मुलींना यातून वगळण्यात आलं, कारण त्यांच्या बाबतीत हा विषय संवेदनशील होता. मुलगेही संवेदनशील असतात असं समितीला कुणी कळवलेलं नव्हतं.

हेमचंद्रचा निहार पंधरा वर्षांचा, अंगाने जरा गुबगुबीत, आणि गावातल्या फुटबॉल क्लबचा गोलकीपर. रोज वाऱ्याला तोंड देत सायकलने शाळेत जायचा, डब्यात ब्रेड-चीज न्यायचा, वर दूध प्यायचा आणि मजेत असायचा. मे महिन्यात त्याच्या संघाची फायनल होती आणि त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. पहिल्याच रविवारी तो क्रमवारीत सगळ्यात खाली आला.

"डू नॉर्माल, बाबा," तो हसत म्हणाला. वेड्यासारखं वागू नका, एवढाच त्याचा अर्थ. या देशात लहान पोरंही हे वाक्य मोठ्यांना ऐकवतात. हेमचंद्रने ते कानाआड केलं.

निहारची आई सुनेत्रा लायडनच्या सायन्स पार्कमध्ये संशोधक होती. तिच्या प्रयोगशाळेत कुणी एका यंत्राच्या एका आकड्यावरून निष्कर्ष काढला असता, तर तिने त्याची सालटी काढली असती. घरीही तिने बोलून पाहिलं.

"अरे, पाणी प्यायलं तरी तो काटा आकडा बदलतो. आणि या वयात हाडं भरतात. दूध कसलं बंद करतोस?"

"हे इमोशनल आर्ग्युमेंट झालं," हेमचंद्र म्हणाला. "डेटा दाखव."

दूध बंद झालं. चीज बंद झालं. मग गोलकीपर बहुतेक वेळ नुसता उभा असतो, असं हेमचंद्रच्या लक्षात आलं आणि फुटबॉल स्थगित करण्यात आला. त्याऐवजी हॉलमध्ये जागच्या जागी चालवायची सायकल आली, कारण तिच्यावर जळलेल्या कॅलरी दिसत. शाळेच्या सायकलीवर काहीच दिसत नव्हतं, शिवाय तिच्यामुळे पाय दमत. सबब निहारला शाळेत गाडीने सोडण्याचा निर्णय झाला, जेणेकरून घरी येऊन त्याला ताज्या पायांनी सायकल चालवता यावी. खाली रस्त्यावर अख्खं गाव सायकलीवरून जात-येत असताना निहार पडदा ओढून भिंतीकडे बघत पेडल मारू लागला.

सुरुवातीला सुनेत्रा गुपचूप त्याच्या दप्तरात चीजचं सँडविच सरकवत असे. तिला नवऱ्याचा संताप येई आणि मुलाची दया. पण निहार क्रमवारीत वर सरकू लागला, तशी रविवारी सकाळी फोन आधी तीच उघडू लागली. तो दुसरा आला, त्या दिवशी मंजूषाने तिला मिठी मारली. मंजूषाचा जयेश पहिला होता.

"किती छान गं!" मंजूषा म्हणाली. "पण शेवटचा टप्पा कठीण असतो हं. आम्ही जयेशची रात्रीची पोळीच बंद केली."

दुसऱ्या दिवशीपासून सँडविच थांबलं. हेमचंद्रला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

निहार आता हसत नसे. घरात हीटर चालू असतानाही जॅकेट घालून बसे. "आई, आय'म सो टायर्ड," तो एकदा म्हणाला. "कॅन आय जस्ट प्ले?"

"खेळशील रे राजा," सुनेत्रा त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाली. "एवढा पाडवा होऊन जाऊ दे."

पाडव्याला मंडळाने हॉल घेतला होता. गुढी उभारून झाली, भाषणं झाली, आणि अंतिम मोजणीसाठी काटा व्यासपीठावर ठेवून त्याचा आकडा मागच्या पडद्यावर दिसण्याची सोय करण्यात आली. रीडिंग स्वच्छ यावं म्हणून निहारला सकाळपासून उपाशी ठेवलं होतं. तो काट्यावर चढला. पडद्यावर आकडा क्षणभर झळकला, आणि निहार कोसळला. त्याच्या पायात वायर अडकून पडदा काळा झाला. काट्याची उंची जेमतेम दोन बोटं होती. तेवढ्यावरून पडून त्याचं मनगट मोडलं.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टर बाई उंच आणि शांत होत्या. "या वयात शरीर आयुष्यभराचं हाड साठवून घेतं," त्या म्हणाल्या. "त्याला पोटभर जेवण लागतं, ऊन लागतं, धावणं-उड्या मारणं लागतं. हे सगळं एकदम कुणी बंद केलं?"

सुनेत्राने नवऱ्याकडे बोट दाखवलं. हेमचंद्रने फोन काढला.

"बोन डेन्सिटी मोजता येते ना?" त्याने विचारलं. "टार्गेट किती ठेवू या?"

त्याच संध्याकाळी उपसमितीचं अस्थिसंवर्धन उपसमिती असं नामांतर झालं. सदस्य तेच राहिले. दूध सक्तीचं करण्यात आलं.

प्लास्टरमधला हात छातीशी धरून निहार पडून होता. "आई, माझी मॅच गेली ना?" त्याने विचारलं. कितीतरी दिवसांनी तो मराठीत बोलला होता. सुनेत्रा खरोखर, मनापासून रडली.

तेवढ्यात फोन वाजला. मंजूषाचा मेसेज होता. 'कसा आहे गं निहार? काळजी वाटते. त्या गडबडीत पडदाच बंद पडला. आकडा दिसला का कुणाला?'

सुनेत्राला दिसला होता. मुलाचे गुडघे वाकले तेव्हा ती पडद्याकडेच बघत होती. तिने डोळे पुसले आणि लिहिलं, 'हो. जयेशपेक्षा कमी.'

तो आकडा इथे दिलेला नाही. तो किती असेल, आणि आपल्या घरातल्या मुलाचा त्याहून कमी भरेल की जास्त, असं वाचताना ज्यांच्या मनात येऊन गेलं, त्यांच्यासाठी उपसमितीत अजून जागा आहेत. येताना मुलाला अनवाणी आणावं.