गळ्याचा अंक

स्वेटरची पाठ झाली, पुढचा भाग झाला, दोन्ही बाह्या झाल्या, आणि आजी गळ्यापाशी येऊन अडल्या. विणकामाचं ते मासिक परदेशातून यायचं. लेकीने तिकडूनच वर्गणी भरून आईला भेट दिलेलं. एका अंकात स्वेटरचा एकच भाग शिकवायचे. बाह्यांचा अंक आला, आणि त्यानंतर टपालपेटीत नुसती कोळिष्टकं.

नातू लेकीकडे, तिकडे परदेशात. आजींनी सुया हातात घेतल्या तेव्हा तो रांगत होता. आता फोनवर त्याच्या धावण्याचा धपधप आवाज यायचा. लेकीला यातलं काही सांगायचं नव्हतं. पार्सल उघडताना तिचा चेहरा कसा होईल, यावरच तर सगळं विणकाम चाललेलं.

"गळाच ना? अंदाजाने घाल की," शेजारीण म्हणाली.

"अंदाजाने पिठात पाणी घालतात," आजी म्हणाल्या. "हा खांद्यावर बटणांचा गळा आहे. चित्रात बघ, कसा बसलाय."

शेवटी आजोबांनी पत्र लिहायला घेतलं. सगळी हयात हेडक्लार्कच्या खुर्चीत गेलेली. आधी मिळालेल्याची पोच, मग आभार, मग तक्रार, हा त्यांचा शिरस्ता. 'बाह्यांचा अंक सुस्थितीत मिळाला' इथून निघालेलं पत्र दोन पानं आभार मानत गेलं, आणि गळा सहीच्या वर, जेमतेम एका ओळीत मावला.

बऱ्याच दिवसांनी पाकीट आलं. आजी चष्मा शोधत धावल्या. आत बाह्यांचा अंक होता.

"पत्र पुरतं वाचलंच नाही त्यांनी," आजोबा दुखावले.

"मी तरी कुठे वाचलं असतं?"

दुसरं पत्र गेलं. आता पोच दोन अंकांची, त्यामुळे आभारही वाढले. पुन्हा बाह्याच आल्या.

आजींनी सुया मांडीवर टाकल्या. "सहा बाह्या झाल्या. आपला नातू आहे की मुंगळा?"

मधल्या काळात 'वर्गणी संपत आली, त्वरित भरा' अशी पाकिटं मात्र न चुकता येत होती. टपालवाल्याने त्यातलं एक आजींच्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, "मागणं कधी वाटेत हरवत नाही बघा, आजी. द्यायचं असलं की हरवतं."

तिसरं पत्र आजींनी स्वतः सांगितलं. "लिहा. गळा पाठवा. बास."

"अगं, खंडणी मागितल्यासारखं वाटतंय."

"वाटू दे."

त्या पत्राला उत्तरच आलं नाही. आजी रोज पेटी उघडायच्या, आत हात घालून कोपरे चाचपायच्या आणि झाकण लावायच्या. तिकडे नातू फोनवर आता 'आजी' म्हणायला लागला. मग एका दुपारी त्यांनी मुकाट्याने गळा घातला. अंदाजाने. बटणं लावली आणि पार्सल पाठवून दिलं.

ते पोचल्याचा फोन आला तेव्हा आजींनी आधी खुर्ची ओढून घेतली.

"आई, किती सुरेख विणलास गं," लेक म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "फक्त डोकं जात नाहीये."

"बटणं काढून बघितलंस?"

"काढून, ओढून, सगळं झालं. तो आत अडकून रडला. मग मीही रडले."

आजींनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि आई, त्या मासिकवाल्यांनी तुझा एक अंक मलाच पाठवला होता. वर्गणी माझ्या नावावर ना, म्हणून असेल. मी न फोडता तसाच तुला पाठवलाय."

"कशाने?"

"टपालाने."

आजींनी डोळे मिटले. "बरं. तो स्वेटर परत पाठव. गळा उसवून देते."

"कशाने पाठवू?"

फोनच्या तारेतून कुठूनतरी धपधप ऐकू आलं.

"नको," लेक म्हणाली. "टपालाचं नावच नको. सुट्टी काढते. स्वेटर आणि डोकं, दोन्ही घेऊन येते."

आजींनी फोन ठेवला आणि पदराने चष्मा पुसत बसल्या. सगळं ऐकून आजोबा बोटांवर महिने मोजू लागले. "ते येईपर्यंत त्याला बाह्यासुद्धा आखूड होतील गं."

"होऊ देत," आजी म्हणाल्या. "बाह्यांचे तीन अंक आहेत माझ्याकडे."