पाहुणीला डुकरीण आवडली

पाहुणे कसे सांभाळावेत, हे अख्ख्या सवाई बेटानं माझ्याकडून शिकावं! आमच्या सामोआत पाहुण्यानं एखाद्या वस्तूला ‘छान’ म्हटलं, की ती त्याला देऊन टाकायची. नाही दिली तर गावात तोंड दाखवायची सोय नाही! मागच्या पाहुण्यानं असाच, बोलता बोलता, आमचा रेडिओ नेला.

आता डेन्मार्कची बिर्गिट येणार होती. आणि घरात बायकोच्या आजीनं विणलेली, रेशमासारखी मऊ चटई! लेकीच्या लग्नात द्यायची.

“अहो, तिनं पाहिली तर?” बायको, मालाएआ, रडवेली झाली.

“पाहीलच कशी? मी आहे ना!”

भर दुपारी चटई, भांडी, पेटी, सगळं मेहुणीकडे हलवलं. घर कसं, प्रार्थना संपल्यावरच्या चर्चसारखं रिकामं! पण आमच्या घरांना भिंती कुठे असतात? नुसते खांब. सगळ्या गावानं पाहिलं.

शेजारचे लेमालूकाका धावत आले. “याकोपो, लेका, एवढी वाईट वेळ आली आणि बोलला नाहीस?”

“तसं नाही, काका...”

“गप! आम्ही काय मेलोय?”

बघता बघता घर भरलं. कुणाच्या चटया, कुणाच्या कढया. काकांनी तर आपली गलेलठ्ठ डुकरीणच आणून खांबाला बांधली!

तेवढ्यात बिर्गिट आली. मांडी घालून, गुडघे झाकून, अगदी रीतीनं बसली. आणि डुकरिणीकडे बघून म्हणाली, “अय्या, किती गोड!”

काकांचा चेहरा उकडलेल्या अळकुडीसारखा झाला.

“तुमचीच समजा!” माझ्या तोंडून निघून गेलं.

“नाही म्हणू नये, असं मला सांगितलंय,” ती लाजत म्हणाली. आणि दोरी हातात घेतली!

काकांनी मला बाहेर ओढलं. “माझी डुकरीण दान करणारा तू कोण रे?”

“माझा डुक्कर घ्या, काका!”

“एक? तिच्यात तुझे दोन मावतील!”

माझे दोन्ही डुक्कर गेले.

शनिवारी, विमानतळाकडे जाणाऱ्या बोटीच्या धक्क्यावर, बिर्गिटला कळलं, की डुकरिणीला विमानात घेत नाहीत. तिनं दोरी काकांच्याच हाती दिली. “माझ्याकडून सगळ्या गावाला जेवण!”

रविवारी, चर्चनंतर, तापल्या दगडांवर डुकरीण भाजली.

“काय दिलदार बाई!” काका बोटं चाटत म्हणाले.

मालाएआ माझ्याकडे बघायलाही तयार नव्हती. माझ्या वाट्याला शेपूट आलं. खरं सांगतो, फार छान लागलं! पण ‘छान’ म्हणायची काही माझी छाती झाली नाही.