एक घुसखोर पाहिजे

पोलादपूरच्या दाखला कचेरीत कॉम्प्युटर येऊन दोन वर्षं झाली, पण त्यात अजून कुणी घुसलं नव्हतं. ही गोष्ट वरच्या हापिसाला काय बरी दिसेना. म्हणून घुसखोर पकडायचा प्रोग्राम आला, तो बसवायला पुण्याच्या कंपनीचा श्रेयस आला, आणि घुसखोराची खबर गावाला लागावी म्हणून साहेबांनी स्वतःच्या डोक्यानं भातगिरणीचा जुना भोंगा छपरावर चढवून त्याची वायर आत सोडली.

राहिली सेटिंग. ती क्लार्क हरीच्या गळ्यात पडली.

"सोपं आहे, काका," श्रेयस म्हणाला. "नेटवर्कवरच्या प्रत्येक कॉम्प्युटरला नंबर असतो. आपले नंबर या रकान्यात, बाहेरचे त्या रकान्यात. बाहेरच्यानं हात लावला की भोंगा."

हरीनं मान डोलवली. भावकीतल्या लग्नपत्रिका वाटण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलेलं. आपलं कोण, बाहेरचं कोण, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

पण ही बातमी चहाच्या टपरीवर गेली, तिथून एसटीत बसून महाडला उतरली. दुपारपासून फोन सुरू. शिवथरचा सरपंच म्हणाला, "हरी, आम्ही बाहेरचे काय रे? तुझ्या बहिणीच्या लग्नात मांडव कुणी घातला?" घातला आत. महाडातलं सायबर कॅफे पक्षाच्या अध्यक्षांच्या भाच्याचं. ते तर फोनच्या आधीच आत. मुंबईला गेलेल्या गाववाल्यांच्या मंडळातनं आवाज आला, "हम क्या बाहरवाले है क्या रे? गणपतीला येतो का नाय?" तेही आत. दिवे लागेपर्यंत सगळी दुनिया आपली झाली.

मशीन मात्र अडून बसलं. बाहेरचा रकाना रिकामा चालत नाय म्हणे.

श्रेयसला फोन लावला. तो म्हणाला, "अहो, सगळेच आपले, तर तो पकडणार कुणाला? एक तरी घुसखोर द्या!"

साहेबांनी चष्मा पुसला. "कुणाचा फोन आला नाही?"

"कुडपणचा, साहेब. वर डोंगरात भातलावणी चाललीय."

"मग त्यांची हरकत दिसत नाही. घाला बाहेर."

आठवडाभरात भाच्याच्या कॅफेतनं असला व्हायरस आला की जातीच्या दाखल्यावर बाया नाचायला लागल्या. भोंगा गप्प. आपल्यातलाच ना तो! पण कुडपणच्या ग्रामपंचायतीतनं ठकूबाईचा अर्ज आला मात्र, भोंगा असा बोंबलला की बाजारातल्या कोंबड्या बिथरल्या आणि हवालदार काठी घेऊन धावला. साहेबांनी वर कळवलं, 'हल्ला परतवला.' अर्ज पुन्हा आला. पुन्हा परतवला. वरून शाबासकी आली.

शेवटी हल्लेखोर स्वतःच डोंगर उतरून आली. पायाला चिखल, डोक्यावर इरलं, संगं नात सेजल. सेजलला महाडच्या वसतिगृहात जागा लागलेली. उत्पन्नाचा दाखला आज नाय दिला तर जागा दुसरीला.

"हरी, बाबा, मी काय चोरलं रे?"

"तू नाय गो आजी. मशीन म्हणतंय कुडपण बाहेरचं हाय."

"मतं मागायला आलात तवा आतलं होतं."

हरी उगाच कीबोर्ड पुसायला लागला.

"मग कर आता आत," म्हातारी म्हणाली.

"त्याला दुसरं कुणीतरी बाहेर काढावं लागतं."

"काढ की! तुला कोण धरून बसलंय?"

आतनं साहेब ओरडले, "हरिभाऊ, कुणालाही काढा. फक्त फोन येता कामा नये!"

हरीनं यादीवर बोट फिरवलं. हा सोयरा, तो अध्यक्षांचा, हा मंडळाचा. बोट खाली खाली गेलं आणि एका नंबरावर थांबलं. त्याच्या बाजूनं आजवर कुणी फोन केला नव्हता. तो नंबर कचेरीच्या स्वतःच्या कॉम्प्युटरचा होता.

काढला बाहेर. कुडपण आत. आणि हरीनं दाखल्याला हात घातला तसा भोंगा सुटला! प्रिंटर करकरतोय, भोंगा बोंबलतोय, साहेब टेबलाखाली, हवालदार दारात. ठकूबाईनं एका हातानं कान झाकला, दुसऱ्या हातानं दाखला ओढला न् सेजलला म्हणाली, "पळ गो, एसटी लागलीय!"

ती सेटिंग अजून तशीच हाय. कचेरीत कुणी काम करायला घेतलं की भोंगा वाजतो. आता हवालदार येत नाय. लोक दुकानं टाकून पळत येतात, "चला, चला, काम चाललंय!" पण असं क्वचितच. एरवी एवढी शांतता, की जिल्ह्यातली सगळ्यात सुरक्षित कचेरी म्हणून तिला ढाल मिळाली.

हसताय? हसा. पण तुमचा मागचा दाखला रांगेशिवाय घरपोच आला, तवा भोंगा वाजला नव्हता. फोन कुणाला लावला होतात?